परवडणारा कंडेन्सर माइक निवडताना: आधी खोली, मग गळा आणि वाद्य, शेवटी दुकान

दहा हजारांच्या आसपास कोणता कंडेन्सर माइक (बाहेरून वीज लागणारा, बारीकसारीक आवाजही टिपणारा) घ्यावा, या प्रश्नाला एखाद्या मॉडेलचं नाव सांगून उत्तर देता येतं, पण ते अर्धंच उत्तर. या किमतीतले नावाजलेल्या कंपन्यांचे माइक आता गुणवत्तेत एकमेकांच्या बरेच जवळ आले आहेत. त्यांच्यातला फरक कानाला जाणवायच्या आधी खोलीतला पंखा, समोरची उघडी भिंत आणि माइक ठेवायची चुकीची जागा जाणवते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी खोली तपासायची, मग काय रेकॉर्ड करायचं ते ठरवायचं, मग स्पेसिफिकेशनचा कागद वाचायचा आणि सगळ्यात शेवटी दुकानात जायचं.

खोली किती शांत आहे?

ज्या वेळी प्रत्यक्ष रेकॉर्डिंग करणार त्याच वेळी तपासा. रात्री अकराला शांत असलेली खोली सकाळी दहाला शांत नसते. फोनवर ध्वनिपातळी मोजणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या. त्याचा आकडा अचूक नसतो, पण तुलनेला पुरतो. पंखा चालू, पंखा बंद, खिडकी बंद, फ्रीज बंद, असे चार-पाच आकडे टिपून ठेवा. नेमका कोण त्रास देतोय ते लगेच कळतं. बहुतेक घरांत तो छताचा पंखाच निघतो, त्याच्या खालोखाल फ्रीज आणि इन्व्हर्टर.

सगळं बंद करून आकडा ३०-३५ डेसिबलच्या आसपास आला तर कंडेन्सर घ्यायला हरकत नाही. ४५च्या वर राहत असेल, म्हणजे खाली रिक्षास्टँड किंवा शेजारी बांधकाम असेल, तर शुअर एसएम५७ किंवा एसएम५८सारखा डायनॅमिक माइक (विजेशिवाय चालणारा) घ्या आणि तोंडाजवळ धरून गा. डायनॅमिक माइकला लांबचं ऐकूच येत नाही, हा मात्र गैरसमज आहे. तो चार बोटांवर धरला जातो, त्यामुळे गळा मोठा आणि रस्ता लहान येतो, शिवाय वरच्या पट्टीतली बारीक सळसळ तो फारशी टिपत नाही. कंडेन्सर तितक्याच जवळ घेतला तर त्यातही रस्ता कमी होतो, पण मग ‘प’, ‘फ’ आणि श्वास सांभाळताना पुरेवाट होते.

याच टप्प्यावर खरेदीतला एक मोठा खर्च वाचू शकतो. प्रत्येक कंडेन्सरचा स्वतःचा सूक्ष्म खरखराट असतो. कागदावर तो ‘सेल्फ नॉइज’ या नावाने दिलेला असतो. ऑडिओ-टेक्निका एटी२०२०चा २० डेसिबल, त्याच कंपनीच्या एटी२०३५चा १२, तर रोड कंपनीच्या नव्या एनटी१चा ४. आकडे पाहिले की एनटी१ घ्यावासा वाटतो. पण खोलीचाच आवाज ३५ डेसिबल असेल तर त्यात २० डेसिबलवाल्या माइकचा खरखराट मिसळून बेरीज ३५.१ होते आणि ४ डेसिबलवाल्याचा मिसळून ३५.०. एवढा फरक कुणालाही ऐकू येणार नाही. वाड्याच्या आतल्या खोलीत किंवा गावाकडच्या घरात रात्री पातळी २२पर्यंत उतरत असेल आणि तानपुरा किंवा हळू आवाजातलं वाचन रेकॉर्ड करायचं असेल, तर मात्र कमी खरखराटाच्या माइकला दिलेले पैसे वसूल होतात.

खोली किती घुमते?

खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून ‘झिंग’ असा धातूसारखा शेपटा आला तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती एकमेकींकडे आवाज टोलवत आहेत असं समजा. हा घुमारा रेकॉर्डिंगमध्ये एकदा शिरला की नंतर काढता येत नाही, आणि माइक जितका चांगला तितका तो जास्त स्वच्छ उमटतो.

उपाय महाग नाही. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, मागचं कमी. म्हणजे माइकच्या समोर काय आहे ते महत्त्वाचं: आधी गाणारा, आणि त्याच्या पाठीमागची भिंत. अंड्याचे ट्रे नाहीतर पातळ फोमचे तुकडे माइकच्या मागे चिकटवणारे नेमकी चुकीची बाजू झाकतात. गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून टांगा. खाली सतरंजी किंवा गालिचा टाका. कपड्यांनी भरलेलं कपाट असेल तर त्याचं दार उघडून कपाटाकडे पाठ करून गा. अंड्याच्या ट्रेने घुमारा जात नाही, खोली तेवढी वाईट दिसते.

खर्जाचं गणित वेगळं आहे, तिथे गोधडी चालत नाही. दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले ११२, १६८ असे सूर फुगतात. खोली चौरस असल्याने दोन्ही दिशांचा फुगवटा त्याच सुरांवर साचतो, आणि छतही दहा फुटांवर असेल तर तिसऱ्या दिशेचा त्यात भर घालतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा सा साधारण १३९ हर्ट्झचा. त्याचा मंद्र कोमल धैवत १११च्या आसपास येतो. म्हणजे बाकीचे सूर नीट आणि तेवढा एक धैवत अचानक ढुम्म, असं होतं आणि दोष बिचाऱ्या माइकला जातो. ११२चा हा फुगवटा खोलीच्या बरोबर मध्यावर आणि भिंतीलगत सर्वात जास्त असतो. म्हणून माइक एका भिंतीपासून साधारण खोलीच्या एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे सव्वातीन-साडेतीन फुटांवर ठेवा आणि दुसऱ्या दिशेतही मध्यबिंदू टाळा.

कागद कसा वाचायचा

‘२० ते २०,००० हर्ट्झ’ ही ओळ सगळ्यांच्याच खोक्यावर असते आणि तिचा उपयोग शून्य. त्या पल्ल्यात किती डेसिबलची चढउतार आहे ते आलेखात पाहायचं. आलेख ५ हजार हर्ट्झपर्यंत सपाट आणि ८ ते १२ हजारांमध्ये टेकडीसारखा वर गेलेला असेल तर माइक ‘चमकदार’ आहे असं समजा.

स्वस्त माइकमध्ये ही टेकडी का असते त्याला इतिहास आहे. नॉयमन कंपनीने १९६०च्या यू६७ माइकमध्ये वापरलेलं के६७ हे कॅप्सूल (पडदा असलेला, आवाज टिपणारा आतला भाग) मुळातच वरच्या पट्टीत तिखट आहे. कंपनीने आतल्या सर्किटमध्ये तेवढाच तिखटपणा कमी करून हिशोब जुळवला होता. १९६७चा यू८७ही त्याच वाटेने गेला. पुढे अनेक स्वस्त माइकांनी त्या कॅप्सूलची नक्कल उचलली, पण मागचं सर्किट साधं सपाट ठेवलं. त्यामुळे दुकानात पहिल्या मिनिटाला तो आवाज ‘काय स्वच्छ आहे!’ असा वाटतो आणि घरी चार ट्रॅक एकावर एक रचले की कान दुखायला लागतात.

बाकी तीन आकडे पाहावेत. सेल्फ नॉइजचं वर आलंच. दुसरा सेन्सिटिव्हिटीचा. एटी२०२० एका पास्कल दाबाला सुमारे १४ मिलिव्होल्ट देतो, एसएम५७ जेमतेम १.६ ते १.९. यामुळेच साध्या इंटरफेसवर (माइक संगणकाला जोडणाऱ्या डबीवर) कंडेन्सरला ३०-३५ डेसिबल गेन, म्हणजे आवाजाची वाढ, पुरतो आणि डायनॅमिकला ५० डेसिबल द्यावा लागून इंटरफेसचाच खरखराट वर येतो. तिसरा आकडा कमाल ध्वनिदाब. एटी२०२०चा १४४ डेसिबल आहे, म्हणजे घरात वाजणाऱ्या कशालाही पुरेसा. ज्यांचा १३०च्या आसपास आहे, त्यांना तबल्याच्या किंवा टाळाच्या जवळ लावायचं असेल तर पॅडचं (माइकमध्येच पातळी उतरवणारं) बटण असलेलंच मॉडेल घ्या.

मोठा पडदा की पेन्सिल?

मोठ्या डायफ्रॅमचे माइक म्हणजे ज्यांचा पडदा इंचभर किंवा त्याच्या जवळपास असतो ते. यांच्यात बाजूने गातात, टोकाकडून नाही. लोगो ज्या बाजूला असतो ती बहुतेकदा पुढची बाजू. नवशिक्यांचं पहिलं रेकॉर्डिंग बारीक आणि लांबून आल्यासारखं येतं, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं की ते माइकच्या टोकात किंवा पाठीत गायलेले असतात.

छोट्या डायफ्रॅमचे, पेन्सिलसारखे दिसणारे माइक टोकाकडून ऐकतात. ठोक, छेड, तारेवरची नखी हे सगळं ते चटकन आणि नेमकं पकडतात, आणि बाजूने आलेल्या आवाजाचा रंग फार बिघडवत नाहीत. तबला, संतूर, सतार, गिटार यांना ते अधिक मानवतात. आवाजाला मात्र मोठ्या पडद्याचा थोडा भरीवपणा बरा वाटतो.

एकच माइक घ्यायचा आणि गळा हेच मुख्य काम असेल तर मोठा पडदा घ्या. त्यावर पेटी, बासरी, गिटारही नीट येतात. तबलजीने किंवा सतारियाने मात्र आधी पेन्सिल जोडीचा विचार करावा. सवयीने सगळे मोठा माइक घेतात, कारण तो फोटोत दिसतो छान.

गळ्यासाठी: मराठी व्यंजनांची परीक्षा

मराठीत दंततालव्य ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ आहेत: चांदणी, चमक, पाच, जागा, माझा. यांच्या उच्चारात दातांमधून निघणारी हवेची शिट्टी बरोबर त्या ८ हजारांच्या टेकडीच्या आसपास बसते. म्हणून परदेशी गायकाचे नमुने ऐकून निवडलेला चमकदार माइक मराठी भावगीताला टोचू शकतो. परीक्षेसाठी हे वाक्य नेहमीच्या आवाजात, नंतर जरा जोरात म्हणा: ‘पाच चांदण्या साचलेल्या पाण्यात चमचमत होत्या.’ हेडफोनवर ‘च’ला कान आक्रसत असेल तर त्या गळ्याला तो माइक नको. आवाज मुळात मऊ, थोडा दबका असेल तर मात्र तीच चमक उपयोगाची ठरते.

हवेच्या झोतासाठी दुसरं वाक्य: ‘फाटक्या पिशवीत पपई भरून फाटकापाशी ठेवली.’ महाप्राण ‘फ’ आणि ‘भ’ पडद्यावर थेट वारा फेकतात आणि ‘धप्प’ असा खालचा आवाज उमटतो. त्याचा इलाज माइक बदलणं नव्हे. मांडणी अशी करा:

१. तोंड आणि माइक यांत एक वीत अंतर ठेवा. हळुवार गाण्याला थोडं कमी, तार सप्तकातल्या तानांना दीड-दोन वीत.

२. पॉप फिल्टर माइकपासून चार बोटांवर लावा. जाळीला चिकटवून लावलेला फिल्टर वारा अडवत नाही, कारण झोत विरायला मध्ये जागाच उरत नाही.

३. माइक ओठांच्या रेषेच्या थोडा वर, नाकाच्या उंचीला आणून खाली ओठांकडे झुकवा. झोत खालून निघून जातो आणि आवाज तसाच राहतो.

४. माइकची पाठ खिडकीकडे किंवा न टाळता येणाऱ्या आवाजाकडे करा. कार्डिऑइड तिकडून सर्वात कमी ऐकतो.

५. गाण्यातली सर्वात जोरकस ओळ गाऊन गेन असा लावा की शिखर उणे १० ते उणे १२ डेसिबलला थांबेल. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये असेल तर याहून वर ढकलायची काहीच गरज नाही.

वीतभराहून जवळ गेलात की कार्डिऑइड माइक खर्ज फुगवतो. निवेदनात तो भारदस्तपणा चालतो. गाण्यात मात्र मान थोडी हलली तरी आवाजाचा रंग बदलत राहतो आणि दोन कडव्यांतला फरक नंतर जुळत नाही. नव्या गायकांसाठी अंतर कायम ठेवण्याचा एक सोपा मार्ग: फिल्टर ही खूण धरायची आणि त्याच्यापासूनचं आपलं अंतर बदलू द्यायचं नाही.

स्वतःच पेटी वाजवत गाणाऱ्यांसाठी

भजन, कीर्तन, नाट्यगीत घरी रेकॉर्ड करणाऱ्यांची ही नेहमीची अडचण. गळ्याच्या माइकमध्ये पेटी इतकी शिरते की नंतर दोन्हींचा तोल सांभाळता येत नाही. कार्डिऑइड असेल तर तो हनुवटीच्या किंचित खाली आणून तोंडाकडे वर झुकवा, म्हणजे त्याची पाठ पेटीकडे होते. अर्थात तेव्हा छत माइकच्या समोर येतं, त्यामुळे घुमणाऱ्या खोलीत हा उपाय लंगडा पडतो.

याहून चांगली सोय आठच्या आकड्याच्या पॅटर्नची. असा माइक पुढून आणि मागून ऐकतो, पण पडद्याच्या पातळीत, म्हणजे दोन्ही बाजूंना आणि वर-खाली, जवळजवळ बहिरा असतो. माइक तोंडासमोर सरळ उभा ठेवला की खाली मांडीपुढची पेटी त्या बहिऱ्या पट्ट्यात येते. कुणाला तरी पेटीवर एक सूर धरायला सांगा, हेडफोन लावा आणि माइक पुढेमागे दोन-चार अंश झुकवत राहा. पेटी अचानक लांब गेल्यासारखी होईल तिथे स्टँड कसून टाका. परवडणाऱ्या माइकांत एकेजी पी४२०मध्ये हा पॅटर्न आहे. पेटीवर गाणारा असाल तर दहा डेसिबल कमी खरखराटापेक्षा हे एक बटण जास्त मोलाचं. फक्त मागची बाजूही ऐकते हे विसरू नका, तिकडेही गोधडी टांगा.

वाद्यं

पेटीचा आवाज वरच्या जाळीतून येतो, भात्यातून हवा आणि करकर येते. माइक जाळीच्या वर दीड-दोन फुटांवर, भात्यापासून दूर ठेवा. पट्ट्यांच्या अगदी डोक्यावर आणलात तर त्यांची टकटक सुरांपेक्षा मोठी येते. खर्ज आणि टीप सारखे ऐकू येईपर्यंत डावी-उजवीकडे सरकवा.

तबल्याला एकच माइक असेल तर दोन्हींच्या मध्ये, समोरून, पुड्यांच्या वर साधारण दोन वीत उंचीवर. डग्गा कमी वाटला तर गेन वाढवू नका, माइक चार बोटं डग्ग्याकडे सरकवा. दोन पेन्सिल असतील तर प्रत्येकी एका वितीवर: तबल्यावरचा माइक चाट आणि शाई यांच्या मधोमध रोखलेला, डग्ग्यावरचा वादकाच्या तळहाताच्या उलट बाजूने. दोन माइकांमधलं अंतर हे माइक आणि पुडी यांच्या अंतराच्या तिप्पट असावं, हा जुना नियम इथे पूर्ण पाळता येत नाही कारण वाद्यंच शेजारी बसतात. म्हणून एक चाचणी करा: दोन्ही ट्रॅक मोनोत एकत्र ऐका, मग एकाचा फेज (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटा करा. ज्या स्थितीत डग्ग्याचा घुमारा भरीव राहतो ती ठेवा. डग्ग्याच्या माइकवर लो-कट (खालचे सूर कापणारं बटण) चालू ठेवू नका. ८० हर्ट्झचा कट गळ्याला चांगला, पण डग्ग्यावर ओढलेल्या मींडेचा तळच त्याने कापला जातो.

ढोलकीला दोन तोंडं, त्यामुळे एका बाजूला लावलेला एकच माइक अर्धीच ढोलकी देतो. समोरून तीन-साडेतीन फुटांवर एक माइक किंवा दोन्ही तोंडांना एकेक. टाळ, झांज, चिपळ्या यांच्या आघाताची शिखरं कानाला वाटतात त्याहून खूप मोठी असतात. चार-पाच फूट लांबून घ्या आणि शिखर उणे १५च्या आसपास ठेवा. इंटरफेसवर लाल दिवा लागत नाही पण आवाज फाटतो, असं झालं तर माइक स्वतःच भरला आहे. तिथे गेन कमी करून उपयोग नाही. पॅड लावा किंवा अंतर दुप्पट करा, त्याने साधारण ६ डेसिबल उतरतात.

बासरीला माइक फुंकरीच्या रेषेत कधीच नको. मुखरंध्र आणि पहिलं बोट यांच्या मधल्या भागावर, वरून, दीड-दोन वितींवरून रोखा. श्वास किती हवा ते माइक मुखरंध्राकडे किती नेता त्यावर ठरतं. गिटारला दांडीवरच्या बाराव्या पडद्यासमोर (फ्रेटसमोर) वीतभरावरून, भोकाकडे थेट नाही. सतारीला दांडी आणि भोपळा जुळतात तिथे रोखून दोन वितींवरून सुरू करा आणि जवारी जास्त हवी असेल तर घोडीकडे सरका. तानपुऱ्याला खरोखर शांत माइक लागतो. तो नसेल तर तानपुरा वेगळ्या ट्रॅकवर, मध्यरात्रीनंतर.

४८ व्होल्ट आणि इंटरफेस

कंडेन्सरला फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसकडून माइकच्या तारेतूनच येणारी वीज, लागते. ही ४८ व्होल्टची पद्धत १९६६मध्ये नॉयमनने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी बनवलेल्या माइकपासून रुळली. बाजारात बीएम-८०० या नावाने विकले जाणारे हजार-दीड हजारांचे संच थेट ३.५ मिमीच्या तारेने लॅपटॉपला लावतात. तिथे जेमतेम दोन-तीन व्होल्ट मिळतात, आवाज क्षीण येतो आणि मग गेन वाढवून खरखराट ऐकत बसावं लागतं. मोठ्या देखण्या जाळीच्या आत बहुधा बटणाएवढं कॅप्सूल असतं. तेवढ्या पैशांत आवाजाचं काम करायचं असेल तर थांबून पैसे जमवलेले बरे.

स्वस्त इंटरफेस ४८ व्होल्ट लिहितात पण देतातच असं नाही, विशेषतः फोनवरून चालवले तर. तपासायला मल्टिमीटर पुरतो. माइक न लावता एक्सएलआर (माइकची तीन पिनांची) तार इंटरफेसला जोडा, फँटम चालू करा, मीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवा. तारेच्या मोकळ्या टोकाला काळी पिन १ नंबरला, लाल २ नंबरला, मग लाल ३ नंबरला. दोन्ही वेळा ४४ ते ५२ यांच्यामधला सारखाच आकडा यायला हवा. एकीकडे कमी असेल तर तार किंवा सॉकेट खराब. दोन्हीकडे ३०च्या आसपास असेल तर इंटरफेसला वीज कमी पडते आहे: स्वतंत्र अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घालून पुन्हा मोजा.

जोडताना गेन शून्यावर, आधी तार, मग ४८ व्होल्ट, मग दहा-पंधरा सेकंद थांबून गेन. काढताना उलट क्रम. लॅपटॉपचा चार्जर लावला की ‘हूंऽऽ’ येत असेल तर बॅटरीवर रेकॉर्ड करा. ती घरघर माइकची नसते, बहुतेक वेळा अर्थिंगची असते.

यूएसबी माइकबद्दल थोडक्यात: एकट्याने बोलायचं असेल तर ठीक. पुढे दुसरा माइक जोडायची वेळ आली की अडतं. नवा एनटी१ यूएसबी आणि एक्सएलआर दोन्ही देतो, त्यामुळे आज इंटरफेससाठी पैसे नसतील तर तो चांगला मधला रस्ता आहे.

दोन माइकांत निवड करायची तर

दुकानात किंवा मित्राकडून दोन माइक मिळत असतील तर तुलना नीट करा. दोन्ही कॅप्सूल एकमेकांना जवळजवळ टेकतील असे, एक सरळ आणि एक वरून उलटा टांगून, दोन इनपुटवर एकाच वेळी रेकॉर्ड करा. वेगवेगळ्या वेळी गायलेल्या दोन टेकांची तुलना म्हणजे माइकची नव्हे, गाण्याची तुलना. आधी २०-३० सेकंद शांतता, मग वरची दोन वाक्यं, मग खर्जापासून तारेपर्यंत आकार, मग एक पूर्ण कडवं.

आता दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर आणा. हे सोडलं तर बाकी सगळं फुकट, कारण डेसिबलभर मोठा असलेला ट्रॅक कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो. ऑडॅसिटीत अ‍ॅनालाइझ मेनूमधून कडव्याचा आरएमएस (सरासरी पातळी) मोजा आणि कमी असलेल्या ट्रॅकला फरकाएवढं अ‍ॅम्प्लिफाय द्या. मग शांततेचा आरएमएस पाहा: गाण्याची शिखरं उणे १०ला असताना शांतता उणे ६०च्या खाली असेल तर उत्तम, उणे ५०च्या वर असेल तर माइक निवडण्याआधी पुन्हा खोलीकडे वळा. शेवटी दुसऱ्या कुणाला तरी नाव न सांगता ट्रॅक बदलून लावायला सांगा, आणि एकटा आवाज न ऐकता पेटी-तबल्यासोबत ऐका. एकट्याने ऐकताना जो फिका वाटतो तो पुष्कळदा साथीत नीट बसतो.

पैसे कुठे घालायचे

एकूण पंचवीस हजार असतील तर माइकवर नऊ-दहा हजारांहून जास्त घालवू नका. तेवढेच इंटरफेसला, आणि उरलेल्यात बंद पाठीचे हेडफोन, वजनदार स्टँड, पॉप फिल्टर, चांगली तार. हलक्या स्टँडवर जड माइक हळूहळू खाली झुकतो आणि कडव्यागणिक अंतर बदलतं. पाठ उघडी असलेले हेडफोन वापरले तर लेहरा आणि क्लिक माइकमध्ये गळतात.

गळा मुख्य आणि पैसे मोजके: एटी२०२०. पॅड किंवा लो-कट नाही, पण त्याची गरज सगळ्यांना नसते. गळ्यासोबत ढोलकी-तबलाही असेल तर एकेजी पी१२०, त्याला २० डेसिबलचं पॅड आणि लो-कट आहे. थोडे पैसे वाढवता आले तर एटी२०३५: कमी खरखराट, पॅड, ८० हर्ट्झचा कट, सोबत शॉक माउंट (हादरे अडवणारी पकड). टोचणारा ‘च’ असलेल्या गळ्याला एनटी१, त्याचा जुना भाऊ एनटी१-ए मात्र वरून चमकदार आहे, नावं सारखी म्हणून गफलत करू नका. तंतुवाद्य आणि तबल्याला रोड एम५ची जोडी. त्याहून कमी पैशांत बेहरिंगर सी-२ची जोडी शिकायला वाईट नाही. एकच पेन्सिल हवी असेल तर पॅड असलेला एकेजी पी१७०.

अधिकृत वितरकाचं बिल घ्या आणि खोकं उघडताना व्हिडिओ काढा. पहिल्या दिवशीच शांततेचं रेकॉर्डिंग करून ठेवा, पुढे माइक बिघडल्याचा संशय आला तर ताडून बघायला तेच कामी येतं.

पावसाळा

कोकणात, मुंबईत, गोव्यात कंडेन्सरचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर. कॅप्सूलमध्ये पडदा आणि मागची चकती यांत केसाएवढं अंतर असतं. दमट हवेत तिथे ओलावा धरला की मध्येच कडकड, तडतड आवाज येतो किंवा पातळी अचानक खाली जाते. लोक तार बदलतात, इंटरफेस बदलतात, आणि दोन दिवस ऊन पडलं की माइक आपोआप बरा होतो. एसीच्या गार खोलीतून बाहेर दमट हवेत आणलेला माइक लगेच चालू करू नका. पेटीतच अर्धा तास राहू द्या.

एरवी घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. रंग बदलणारं जेल मिळालं तर बरं, ओलं झालेलं दिसतं आणि कढईत मंद आचेवर परतून पुन्हा कोरडं करता येतं, फक्त ती कढई स्वयंपाकाला परत नको. स्टँडवरच ठेवायचा असेल तर काम संपल्यावर फँटम बंद करून वरून स्वच्छ सुती पिशवी घाला, धूळ आणि उदबत्तीचा धूर दोन्ही पडद्यावर बसतात. जाळी उघडून कॅप्सूल पुसायच्या भानगडीत पडू नका. सोन्याचा मुलामा दिलेला तो पडदा काही मायक्रॉनचा असतो आणि कापसाच्या बोळ्याने सहज फाटतो. बाहेरची जाळी तेवढी काढता येत असेल तर काढून साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.